दोन नळ्या रक्त

शिवकांता नवीन माणसाला नमस्कार करायची नाही. डावा हात पुढे करायची, बोटं फाकवायची आणि म्हणायची, "मोजून बघा."

माणूस गडबडायचा. काही जण उगाच हसायचे, काही जण खरंच मोजायचे. करंगळीच्या बाहेरच्या अंगाला आणखी एक बोट होतं, बारीक, पण नखासकट. समोरचा "सहा" म्हणाला की ती म्हणायची, "आता पुढचं बोला. नशीबवान आहात म्हणा." बहुतेक जण तेच म्हणायच्या बेतात असायचे. मीसुद्धा पहिल्या दिवशी होते.

लातूरच्या एका मोठ्या दवाखान्यात ती टेलिफोन ऑपरेटर होती. मी तिथेच रेकॉर्ड विभाग सांभाळते. तिची केबिन आणि माझं टेबल यांच्यामध्ये एक फायलींचं कपाट, एवढंच अंतर. त्यामुळे नऊ वर्षं तिचं प्रत्येक बोलणं माझ्या कानावर पडत राहिलं. गेल्या वर्षी ती गेली, छत्तिसाव्या वर्षी.

तिला दिसत नव्हतं. लहानपणी दिसायचं. आधी संध्याकाळचं दिसेनासं झालं, मग फळा, मग पायरी. नोकरीला लागली तेव्हा खिडकी कुठे आहे एवढंच कळायचं. पण दवाखान्यातले सगळे आतले नंबर तोंडपाठ, आणि कोणता डॉक्टर जिन्यावरून उतरतोय हे ती चपलांच्या आवाजावरून सांगायची. एकदा नव्या व्यवस्थापकांनी सगळ्या नंबरांची छापील यादी तिच्या केबिनच्या भिंतीवर चिकटवून घेतली. ती मला म्हणाली, "वाचा बरं." मी वाचली. तिने यादीत तीन चुका काढल्या आणि व्यवस्थापकांना फोन लावून तिन्ही सांगितल्या. "भिंतीवर राहू द्या साहेब," असंही म्हणाली, "मला काही त्रास नाही."

अंगाने ती खूप जाड होती. खुर्ची दोनदा बदलावी लागली. जेवणाच्या सुट्टीत तिच्या डब्याकडे बघून कोणी काही बोललं की ती डब्याचं झाकण लावून त्या माणसाचा आतला नंबर मोठ्याने म्हणायची, जणू फोन लावतेय. त्यापेक्षा जास्त काही नाही.

मी याद्या करते. दिवसाची कामं, आठवड्याची कामं, हरवलेल्या फायली, सापडलेल्या फायली. वहीचं पान फाडल्याचा आवाज झाला की कपाटापलीकडून यायचं, "यादीताई, आज हसायचं काम कितव्या नंबरला आहे?" दवाखान्यात मला या नावाने हाक मारणारी ती एकटीच.

घर उदगीरचं, लिंगायत, आडतीचं दुकान. सहा बोटांची मुलगी जन्मली तेव्हा आजोबांनी दुकानावर पेढे वाटले. उजव्या हाताचं जास्तीचं बोट दायीने दोरा बांधून आधीच पाडलं होतं. डावं आजोबांनी राखून ठेवलं. हंगामातल्या पहिल्या तुरीच्या ढिगावर शिवकांताचा डावा हात टेकायचा, मग सौदा सुरू. शेजारचे आडतेही तिला मागून न्यायचे.

"मला टेम्पोत बसवून फिरवायचे," ती सांगायची. "गणपतीसारखं. फक्त बुडवायचं तेवढं बाकी ठेवलं होतं."

पायांनाही सहा-सहा बोटं होती. ती मात्र कोणाला दाखवायची नाहीत असं घरचं फर्मान होतं. लक्ष्मीचा हात सहा बोटांचा चालतो, पाय पाचच बोटांचा लागतो. उन्हाळ्यातसुद्धा तिच्या पायात बूट असायचे.

दवाखान्यात लागल्याच्या दुसऱ्या वर्षी तिच्या अंगावर सूज यायला लागली. मूत्रपिंडाची तपासणी झाली, आणि तो कागद घेऊन एक तरुण डॉक्टरीणबाई तिच्या केबिनमध्ये आल्या. त्या जन्मजात आजारांचं काम बघायच्या. त्यांनी डोळ्यांचं विचारलं, वजनाचं विचारलं. शिवकांताने सवयीने हात पुढे केला. बाई मोजून झाल्यावर म्हणाल्या, "बूट काढता का?"

कोणीतरी पहिल्यांदाच ते विचारलं होतं. तिने काढले.

मग बाईंनी विचारलं, "आईवडील नात्यातले?"

"वडील म्हणजे आईचे सख्खे मामा," शिवकांता म्हणाली. "आमच्यात भाचीवर मामाचा पहिला हक्क. त्याने नको म्हटलं तरच बाहेर द्यायची."

बाईंनी कागदावर वंशावळीचे चौकोन आणि गोल काढले, मामा-भाचीमध्ये दोन रेघा ओढल्या आणि आजाराचं नाव सांगितलं. परदेशी डॉक्टरांच्या आडनावांचं जोडनाव. रक्ताची तपासणी झाली आणि तेच पक्कं झालं. शिवकांताने ते नाव माझ्याकडून दहा वेळा म्हणवून घेतलं, जीभ बसेपर्यंत. मग म्हणाली, "यादीताई, वही काढा. लिहा."

तिने सांगितलेली यादी माझ्याकडे अजून आहे. बोटं: लक्ष्मी. डोळे: अव्वाने पोटुशी असताना ग्रहणात विळीवर भाजी चिरली. जाडी: ही खाते फार. सूज: कोणाची तरी नजर. हृदयातलं छिद्र, जे पुढे आपोआप बुजलं: देवाची कृपा. पाच व्याधी आणि घरच्यांनी लावलेली पाच कारणं.

"आता सगळी खोडा," ती म्हणाली. "आणि खाली एकच लिहा."

त्याच दुपारी तिने उदगीरला फोन लावला. "अव्वा, तुझी भाजी न्हाई गं. ग्रहण न्हाई. इतकी वर्षं रडलीस ते फुकट रडलीस." मला वाटलं, पलीकडे बाई मोकळ्या होऊन रडतील. रडल्याही. पण नंतर शिवकांता बराच वेळ नुसतं ऐकत होती. फोन ठेवून मला म्हणाली, "म्हणते, म्हणजे माझं लग्नच चुकीचं का? ग्रहण बरं होतं यादीताई. ग्रहणाशी संसार करावा लागत नव्हता."

त्यानंतर तिला एक खोड लागली. प्रसूती विभागातून एखाद्याचा घरी फोन जोडताना 'बाळाला सहा बोटं, लई नशीबवान' असं कानावर आलं की ती मध्येच बोलायची, "बालरोगवाल्या डॉक्टरांना एकदा नीट बघायला सांगा. डोळे, मूत्रपिंड, सगळं." एका आजोबांनी तक्रार केली. तिला लेखी समज मिळाली. बालरोगवाल्या डॉक्टरांनी तिला समजावलं की बहुतेक बाळांना नुसतं बोटच जास्तीचं असतं, बाकी काही नसतं, उगाच लोक घाबरतात. ती म्हणाली, "बरोबर आहे. मी कुठे घाबरा म्हणते? बघा म्हणते." समजेचा कागद फाइलला लावायचं काम माझ्याकडेच आलं.

आता तिच्या मामाविषयी सांगायला हवं. संगमेश, तिच्या आईचा सगळ्यात धाकटा भाऊ. नात्याने मामा, वयाने शिवकांतापेक्षा एकच वर्ष मोठा. दोघं उदगीरला एकाच शाळेत होते. तिला फळा दिसेनासा झाला तेव्हा हाच शेजारी बसून फळ्यावरचं वाचून दाखवायचा. गुरुजींनी त्याला बोलण्याबद्दल मारलं तरी वाचायचा. पुढे त्याने मुखेडला औषधाचं दुकान टाकलं. लातूरला माल घ्यायला आला की तिच्यासाठी खारे शेंगदाणे आणायचा. हसरा, बोलका माणूस. वाईट माणूस असता तर सगळं सोपं झालं असतं.

चौतिसाव्या वर्षी संगमेशचं लग्न ठरलं, शिवकांताच्या धाकट्या बहिणीशी. भाग्यश्री बावीस वर्षांची, नांदेडला शिकून आलेली.

शिवकांताने आकांडतांडव केलं नाही. तिने डॉक्टरीणबाईंना विचारून सगळं नीट समजून घेतलं आणि घरी एकच मागणी केली. दोघांचं रक्त तपासा. आजार आणणारी जनुकातली चूक दोघांच्याही रक्तात असेल तर प्रत्येक बाळाला चारात एक धोका. एकाच्याच असेल तर बाळाला हा आजार होणार नाही, बिनधास्त लग्न करा. "पहिली अक्षता मी टाकीन," ती म्हणाली. "दोघांची मिळून दोन नळ्या रक्त. पाव कप चहाएवढंसुद्धा नाही."

भाग्यश्री लातूरला आली आणि तिने गुपचूप रक्त दिलं. काही आठवड्यांनी अहवाल आला. तिला स्वतःला काही होणार नव्हतं, पण चूक तिच्या रक्तात होती. आता सगळं संगमेशच्या नळीवर आलं. शिवकांताने माझ्याकडून त्याच्या नावाचा तपासणीचा अर्ज भरून घेतला आणि स्वतःच्या खणात ठेवला.

तेव्हा भाग्यश्री माझ्या टेबलासमोर बसली होती. कपाटापलीकडच्या बहिणीला ऐकू जाईल असं ती बोलली.

"अक्का, मामा चांगला हाय. पित न्हाई, मारणार न्हाई. बाहेरची दोन स्थळं आली होती, तुला म्हाईतच न्हाई. दोन्ही घरी पसंती झाली होती. मग कोणीतरी तुझं सांगितलं, मोठी बहीण कशी हाय ते. दोन्ही परत गेली. मामाकडं तुला लपवावं लागत न्हाई."

कपाटापलीकडे फोन वाजत होता. नऊ वर्षांत तिने न उचललेला तो एकच फोन मला आठवतो.

पंधरा दिवसांनी संगमेशने माझ्या मोबाइलवर कागदाचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, 'शिवीला वाचून दाखवा, तपासून आलो.' ती खुर्चीतून उठून माझ्या टेबलापाशी आली.

मी वाचलं. हिमोग्लोबिन. उपाशीपोटीची साखर. रक्तगट. कावीळ नाही. शेवटी शेरा, सर्व नॉर्मल.

"पुढे?"

"संपलं," मी म्हणाले. "हा तो रिपोर्ट नाही शिवकांता. हा गल्लीतल्या लॅबचा साधा रिपोर्ट आहे."

तिने केबिनमध्ये जाऊन त्याला फोन लावला. स्पीकर चालू ठेवला, मला साक्षीला म्हणून असेल.

"मामा, हे कशाचं तपासलंस?"

"रक्ताचं. तूच म्हणलीस ना, तपास. तपासलं. समदं नॉर्मल हाय. तुझ्या अप्पाला दाखवलं, मठातल्या स्वामीला दाखवलं. समदे खूश."

"मी साखर बघ म्हणले न्हाई. तू औषधाच्या दुकानात बसतोस. तुला कळतंय हा तो कागद न्हाई."

पलीकडे गिऱ्हाईक पोटदुखीची गोळी मागत होतं. संगमेशने ती दिली, कशी घ्यायची ते सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "शिवे, तीन वर्षं पोरी बघून राहिलो. कोणाला नोकरीवाला पाहिजे, कोणाला पुण्याचा पाहिजे. मुखेडला यायला कोणी तयार न्हाई. आन समज, निघालं माझ्या रक्तात. मग काय करू मी? ते मला कळायलाच नको."

"निघणार न्हाई कदाचित."

"कदाचित! आन निघालं तरी काय गं? तुझं काय वाईट झालं? नोकरी हाय. पंख्याखाली बसून राहिलीस. कोणाच्या दारात न्हाईस तू."

शिवकांता रोज शंभर वेळा म्हणायची त्याच सुरात म्हणाली, "लाइनवर राहा," आणि बटण दाबलं. फोनमधली ती दवाखान्याची ट्यूंट्यूं धून सुरू झाली असणार. ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. मी घड्याळ बघितलं. संगमेश अकरा मिनिटं लाइनवर राहिला. मग त्याने फोन ठेवला. लाइनचा दिवा विझल्याचं मीच तिला सांगितलं.

उदगीरच्या घरी कागदावर 'नॉर्मल' लिहिलेलं सगळ्यांनी वाचलं होतं. ज्यांना वाचता येत होतं त्या सगळ्यांनी. तो कागद कशाचा, हे न वाचता येणाऱ्या एकटीला कळत होतं.

लग्नाला मी गेले. शिवकांताने मला शेजारी बसवलं होतं, डोळ्यांचं काम करायला. मंगलाष्टकं सुरू व्हायची वेळ झाली. सूत्रसंचालन करणारा कार्यालयाचा माणूस होता, त्याला घरचं काही माहीत नव्हतं. त्याने नेहमीप्रमाणे माइकवरून पुकारलं, "नवरीचे मामा! नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन स्टेजवर यावं!"

स्टेजवर फेटा बांधून उभ्या असलेल्या संगमेशने हात वर केला. "अहो, मामा हितंच हाय!"

सगळा मांडव हसला. कोणीतरी शिट्टी मारली. एका चुलत मामाला उठवलं, तो हसत हसतच भाग्यश्रीला आणायला गेला.

"सगळे हसले?" शिवकांताने विचारलं.

"हो."

"भाग्या?"

मी मान लांब करून बघितलं. "तीसुद्धा."

तिच्या मुठीत अक्षता होत्या. अष्टकं संपली तेव्हा मूठ तशीच होती. जेवणाच्या पंगतीत हात धुवायला मी तिला नेलं, तिथे तिने त्या नळाखाली सोडून दिल्या.

वर्षभराने भाग्यश्रीला मुलगी झाली. शिवकांता बारशाला गेली. मी नव्हते, तिनेच मला येऊन सांगितलं. तिने बाळ मांडीवर घेतलं, हात मोजले, पाय मोजले, पुन्हा मोजले. वीस. "माझा जीव भांड्यात पडला यादीताई, खोटं नाही सांगत. मी बाळाचा मुका घेतला." मग अव्वा सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या, "झालं समाधान? उगं वर्षभर घोर लावला होतास जिवाला." बायका हसल्या. चांगला निकाल लागला म्हणजे धोका नव्हताच, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. दर बाळाला चारात एक पुन्हा नव्याने असतं, पहिल्याने दुसऱ्याचं काही फेडलं जात नाही, हे ती सांगायला लागली तेव्हा तिचे वडील, अप्पा, म्हणाले, "आता बास कर. तुझा हात ठेव पोरीच्या डोक्यावर."

"ठेवला?" मी विचारलं.

"ठेवला. नाही म्हटलं असतं तर शाप दिला म्हणाले असते."

त्याच पावसाळ्यात तिची मूत्रपिंडं थकली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं, आमच्याच दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर. सुया डाव्या हाताला टोचायच्या. ती तिथे पडल्या पडल्याही खालच्या ऑपरेटरला नंबर सांगायची. काही महिन्यांनी मी माझ्या पद्धतीने यादी केली, मूत्रपिंड कोण देऊ शकेल याची. अप्पांचं वय आणि रक्तदाब, अव्वांची साखर. भाग्यश्री तोवर दुसऱ्यांदा पोटुशी. यादी तीन ओळींत संपली. चौथं नाव मी लिहून ठेवलं, पण तिला वाचून दाखवलं नाही.

ते नाव एक दिवस स्वतःच आलं. संगमेश खाऱ्या शेंगदाण्यांचा पुडा घेऊन आला होता, जो तिला आता चालत नव्हता. पलंगाशेजारी उभा राहून तो रडला. खरं रडला. "शिवे, माझी किडनी घेतील का गं? दुकान बंद ठेवतो, देतो."

मी बघत होते. तो मनापासून बोलत होता, आणि बाहेर पडेपर्यंत विसरणार नव्हता असंही मला वाटलं.

शिवकांता म्हणाली, "किडनी नको मामा. त्या दोन नळ्यांतली तुझी एक दे. तुझं नाव घातलेला अर्ज माझ्या खणात आहे. यादीताई आता खालून आणतील. भाग्याचे दिवस अजून थोडेच गेलेत. आता कळलं तर डॉक्टरांना पुढचं बघता येतं. पोटातलं ठीक असलं तर ठीक."

संगमेशने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. सुया, नळ्या, त्या फिरणाऱ्या यंत्राकडे बघितलं.

"पहिलं पोर ठणठणीत हाय ना शिवे," तो म्हणाला. "आता कशाला."

मी अर्ज घेऊन वर आले तेव्हा तो गेलेला होता. शेंगदाण्यांचा पुडा खिडकीत होता. तिने विचारलं, "लाइन कटली?" मी हो म्हणाले.

दोन महिन्यांनी, एका दुपारी, ती यंत्रावर असतानाच गेली.

उदगीरला नेलं तेव्हा दवाखान्याची गाडी घेऊन आम्ही चौघं गेलो होतो. त्यांच्यात मृताला बसवून नेतात. अंगणात तिला पाटावर बसवलं होतं, कपाळभर विभूती, गळ्यात हार, मांडीवर दोन्ही हात. कोणीतरी पायांत मोजे चढवले होते. बायका एकेक करून पुढे येत होत्या, तिचा डावा हात उचलून आपल्या कपाळाला लावत होत्या. आडत बाजारातली म्हातारी माणसंसुद्धा आली होती. अव्वांनी भाग्यश्रीच्या मुलीला आणून तिचं डोकं त्या हाताखाली धरलं. भाग्यश्री पोट सावरत मागे उभी होती, तिला कोणी पुढे येऊ दिलं नाही. पोटुशीने प्रेताजवळ जायचं नसतं.

शेवटी संगमेश आला. गुडघे टेकून बसला. तिचा डावा हात दोन्ही हातांनी उचलला आणि आपल्या डोक्यावर ठेवला. त्याच्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या होत्या आणि मी त्याच्या अगदी शेजारी उभी होते. तिच्या हातावर मनगटापासून दंडापर्यंत सुयांच्या काळ्या-निळ्या खुणा होत्या. त्याच्या हातावर एकही नव्हती.